वाढत्या अंगाची सायकल

मालाड, कुरार
२२ सप्टेंबर १९८६

वनमाला,

पत्र फाडू नकोस, आधी वाच. अक्षर माझंच आहे. सून अनुपमा ऑफिसात लिहिणारी आहे, तिच्याकडून लिहून घेतलं असतं तर सुबक आलं असतं, पण मग तिने वाचलंही असतं. चौथीपर्यंत जेवढं शिकवलं तेवढ्यावर भागवते.

अडीच वर्षं झाली आपण बोलून. कशामुळे ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक. मी तुझी नणंद, वयाने मोठी, म्हणून तू गप्प बसलीस आणि नंदूला घेऊन सावंतवाडीला निघून गेलीस. ते उगाळत बसत नाही. काम आहे म्हणून लिहिते.

काम असं. आमच्या जयूला तीनचाकी सायकल घ्यायची आहे. तू पाहिलीस तेव्हा पाळण्यात होती, आता माघात तीन पुरी होतील. मालाडच्या बाजारात दोन दिवस फिरले. प्लास्टिकची एक आहे, पिवळी, पुढे भोंपू. हात लावला की चाक डगडगतं. माझ्या डब्याच्या झाकणाला जास्त जोर आहे. लोखंडी चांगली, पण भाव ऐकून मी मागे फिरले. शेजारची गुजरातीण तिच्या मुलाची जुनी फुकट देते म्हणाली. तिला पायडलच नाही. पोराने बसायचं आणि पायाने जमीन ढकलत जायचं. म्हटलं नको. आम्हाला पायडलची हवी. पायडल पाहिजेच.

नंदू ह्यांना वर्षाकाठी एक कार्ड टाकतो, त्यात होतं की तू खेळण्यांच्या कारखान्यात रंग लावायला जातेस. तिथे लाकडाची तीनचाकी होते का? पायडलवाली, मजबूत, आणि आम्हाला झेपेल अशी? कळव. नाही कळवलंस तर दुसरीकडे बघेन.

शेवंती


८ ऑक्टोबर १९८६

वनमाला,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, आणि त्यात एकही टोमणा नाही. ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "शेवंत्या, तिच्या जागेर तू असतंस तर कार्डाक शेण फासून धाडलं असतंस गो." मी म्हटलं, तोंड बंद करा आणि जेवा. पण खरं तेच आहे. तू उत्तर दिलंस हेच पुष्कळ. उपकार मानते.

लाकडाची पायडलवाली होत नाही, लोखंडीच घ्या म्हणतेस. बरं. पण पुढे लिहिलंस, "वन्सं, मुलीच्या पायाचं माप पाठवा, आणि तिला दुकानात नेऊन बसवून बघा." सायकलीला माप? पोलकं शिवायचंय का? पोर ती पोर, सायकल ती सायकल. पस्तीस वर्षं मी डोळ्यांच्या अंदाजाने मीठ घालते, कुणाचा घास खारट झाला नाही.

आणि बाजारात तिला नेत नाही मी. धूळ फार. रिक्षा कशाही येतात. शिवाय लोक बघत…

ते जाऊ दे. दसऱ्याला घेणार आहे. चंदूने बोनसमधले थोडे आधीच काढून दिले. पोरगा भला निघाला, कुणावर गेला ठाऊक नाही. ह्यांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आता कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. त्यांनी महिनाभर विडी सोडली आणि ते पैसे माझ्या हातावर ठेवले. मी मोजून डब्यात ठेवले. हे तुलाच सांगते.

शेवंती


१४ ऑक्टोबर १९८६

वनमाला,

सायकल घेतली. लाल, लोखंडी, रबराची जाड चाकं, मागे सामान ठेवायला पत्र्याची जाळी. गाडी कशी पाहिजे तशी गाडी.

दुकानात दोन होत्या. एक लहान आणि एक मोठी. मोठीला तीस रुपये जास्त. शेट म्हणाला, "बाई, छोकरीला घेऊन या, बसवून बघा. ही मोठी पाच वर्षाची आहे."

मी म्हटलं, "मग चांगलंच. पाच वर्षं चालेल."

"पाच वर्षं चालेल नाही बाई, पाच वर्षाच्या पोराची आहे."

"शेट, पोर वाढणार की सायकल?"

शेटने मान हलवत मोठी बाहेर काढली. आपल्याकडे कुणी अंगाबरोबर घेतलंय का कधी? चंदूचा शाळेचा सदरा पहिलीत गुडघ्याखाली होता, तो चौथीपर्यंत गेला. तुझ्या लग्नात नंदूची पँट आठव. आईने शिंप्याला सांगितलं होतं, लग्नानंतर अंग भरतं, दोन इंच सैल ठेव. मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरदेव एका हाताने पँट धरून उभा होता, आणि तू अंतरपाटाआडून हसत होतीस. मी पाहिलं होतं.

दसऱ्याला सायकल पाटावर ठेवली. हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबू ठेवलं. ह्यांनी नारळ फोडला. जयूला उचलून बसवली. झकास दिसत होती. आळीतल्या पोरांनी पार कोपऱ्यापर्यंत ढकलत नेली. खिदळत होती.

पाय पोचतील हळूहळू.

बाकी सगळं ठीक.

शेवंती


२७ ऑक्टोबर १९८६

वनमाला,

पाकिटात दोन दोरे आहेत. कचरा समजून टाकू नकोस. नुसता पांढरा आहे तो जयूच्या डाव्या पायाचा, मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत. लाल गाठ आहे तो उजव्याचा. दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर ठेव. एक आखूड आहे. मोजण्यात चूक नाही, तीनदा मोजलं.

तू माप मागितलंस तेव्हा मी ह्यालाच भ्याले. एका पायाचं पाठवू की दोन्ही? म्हणून पोलक्याची थट्टा केली.

गेल्या वर्षी जुलैत तिला ताप आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी उतरला, आणि ती उभी राहीना. नुकती चालायला लागली होती. उजवा पाय चिंधीसारखा लोंबत होता. डॉक्टरांनी पायाच्या तळव्याला किल्लीने ओरखडा काढला, पायाने काही केलं नाही. पोलिओ.

नंदूला आम्ही कळवलं नाही. मीच कळवू दिलं नाही.

आता पुढचं लिहिते, कारण सांगायचं म्हटलं तर कुणालाच सांगितलेलं नाही आणि घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तापाच्या आदल्या वर्षीचं, तोंडात थेंब घालतात त्या तिसऱ्या डोसाचा दिवस होता. अनुपमा पोरीला घेऊन निघाली होती, पायात चपला घातलेल्या. जयूला सर्दी होती. मी म्हटलं, "सर्दीत कशाला नेतेस, पुढच्या महिन्यात घाल. आमच्या वेळी कुठे होते डोस? चंदू मेला का?" तिने चपला काढल्या. पुढच्या महिन्यात गणपतीला गावी गेलो. मग राहिलं ते राहिलंच.

अनुपमाने मला एकदाही ऐकवलं नाही. भांडली असती तर मी चार शब्द उलट बोलले असते आणि मोकळी झाले असते. ती सकाळी पोरीच्या पायाला तेल लावते, व्यायाम करून घेते, ऑफिसला जाते. संध्याकाळी परत तेच. माझ्याशी बोलते ते भाजी काय आणि दूध आलं का.

इस्पितळात सुनंदाबाई आहेत, व्यायाम शिकवतात. फार चांगली बाई. दोनशे पोरं बघते आणि प्रत्येकाचं नाव घेऊन बोलते. त्यांनी सांगितलं, पायडलची सायकल द्या, खेळता खेळता पाय कामाला लागेल. स्नायूत थोडा जीव आहे, तो आत्ता जागा केला तर केला. शाळेत जायच्या वयापर्यंत नाही झाला तर जन्माचा पट्टा आणि कुबडी. म्हणून सायकल. हौस म्हणून नाही.

आणि मी काय आणली तर वाढत्या अंगाची. पाय पायडलपासून वीतभर वर लोंबतात. पोरं ढकलतात, ती राणीसारखी बसते. अनुपमा त्या दिवशी कामावरून आली, दारात उभी राहून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तिला ढकलून घ्यायचीच सवय लावायची होती का?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सायकल डोक्यावर घेऊन दुकानात गेले. म्हटलं, शेट, लहान द्या. शेटने हँडलवर बोट फिरवलं. "बाई, हळदकुंकू लागलेला माल मी दुसऱ्याला कसा विकू? तुमचीच लक्ष्मी आहे, घरी न्या." त्याचं बरोबर होतं. मीही पूजा केलेली वस्तू विकत घेतली नसती. तरी त्याने पाणी दिलं, घटकाभर बसा म्हणाला, आणि लहान सायकल कशी असते तेही दाखवलं. ते नसतं दाखवलं तरी चाललं असतं.

वनमाला, बारशाचं आता लिहिते. बायका पाळण्याखालून पोर देत होत्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. तुझी पाळी आली, तू हात पुढे केलेस, आणि मी मधूनच पोर उचलून पलीकडच्या बाईला दिली. चाळीस माणसांत. तुला मूल नाही, तुझी नजर नको, म्हणून. असं मी मनात म्हटलं नाही, शेजारी बसलेल्या सुगंधाच्या कानात म्हटलं, आणि तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. तू ताटात वाढलेलं सोडून उठलीस.

कुणाची नजर लागली नाही तिला. जे झालं ते माझ्या जिभेने झालं. दोन्ही वेळा.

माफी मागायला मला येत नाही, कधी मागितली नाही. दोरे पाठवते. ह्या सायकलीचं काही होत असेल तर सांग. पायडलाची लांबी, बैठकीची उंची, सगळं ह्यांनी मागच्या पानावर काढलंय. होत नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही. तो हक्क आता माझा नाही.

शेवंती


२४ नोव्हेंबर १९८६

वनमाला,

तुमच्या शेजारचे भाऊराव एसटीने आले आणि तुझा डबा घेऊन थेट आमच्या दारात उभे राहिले. मी म्हटलं, आम्ही बोरिवलीला येऊन घेतला असता. म्हणाले, "वनमालावहिनी म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही."

डबा उघडला. वर्तमानपत्र, मग भुसा, मग ते ठोकळे.

काय लिहू? दोन ठोकळे, दोन्ही पायडलांवर बसणारे, हिरवे आणि लाल, तुमच्या खेळण्यांसारखे चकचकीत. उजवा लाल, अर्ध्या बोटाने जाड. त्याला चामड्याचा पट्टा, आतून मऊ फलाटीन, पोरीच्या पायाला घासू नये म्हणून. मागे टेकायला पाठ. मी मागितली नव्हती. पण ती एका बाजूला कलते हे तुला कसं कळलं? दोऱ्यांवरून?

कागदावर तू चित्र काढून नंबर घातलेस, एक दोन तीन. बाकी एक शब्द नाही. कागद उलटा करून पाहिला, पाकीट झटकून पाहिलं. मग समजले. जे म्हणायचं ते तू लाकडात म्हटलंस, आणि बारशाचं काही म्हणायचंच नाही तुला. नको म्हणूस. माफ केलंस असंही लिहू नकोस, मला खरं वाटणार नाही. तरी हे सगळं केलंस. किती दिवस बसली असशील त्या चामड्याला टाके घालत? टाका बारीक आहे, लाकूड कातणाऱ्या कातारी माणसाचा नाही, तुझा आहे. तुझ्या ह्या हातात मी पोर दिली नव्हती.

ह्यांनी पाना घेऊन बसवलं. "धाकू मिस्त्री," म्हणाले स्वतःलाच, आणि नटबोल्ट उलटा लावला. पट्टा बांधायला अनुपमा खाली बसली. तुझा कागद तिने मांडीवर ठेवून वाचला, मग विचारलं, "वनमालामामी म्हणजे त्याच ना, बारशातून उठून गेलेल्या?"

मी म्हटलं, "हो. मी उठवलेल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई, इकडून धरा, पट्टा सैल होतोय." मी धरला. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली. वर्षभरात पहिल्यांदा ती माझ्या एवढ्या जवळ बसली होती.

पहिल्या दिवशी जयूने नुसता आरडाओरडा केला. पाय बांधला म्हणून. दुसऱ्या दिवशी लाल ठोकळ्याला नाव ठेवलं, लालू. लालूला दूध पाजलं, पट्ट्यात भात घातला. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाने दाबलं आणि सायकल पुढे गेली. घाबरून रडली, आणि मग परत दाबलं.

सायकल घेऊन आम्ही इस्पितळात गेलो. सुनंदाबाईंनी गुडघ्यावर बसून ठोकळा फिरवून फिरवून पाहिला. "कुणी केलं? कुठल्या डॉक्टरने?" मी म्हटलं, "डॉक्टर नाही, माझी भावजय. सावंतवाडीला खेळणी रंगवते." हे सांगताना माझा आवाज केवढा मोठा झाला ते मलाच कळलं, बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. बाई म्हणाल्या, अजून दोन पोरांना असे हवेत, करतील का? मापं पाठवते म्हणाल्या. मी म्हटलं विचारते. तू नाही म्हण, तरी चालेल. पण विचारायला सांगितलं होतं म्हणून विचारलं.

पाय अजून नुसता पट्ट्यात बसून फिरतो. डावा दाबतो, उजवा त्याच्याबरोबर जातो, जत्रेत पाळण्यात बसल्यासारखा. सुनंदाबाई म्हणाल्या, फिरू दे, वाट बघा. वाट बघणं मला जमत नाही हे तुला ठाऊकच आहे.

देव तुझं भलं करो. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही.

शेवंती


९ जानेवारी १९८७

वनमाला,

त्या दोन पोरांचे ठोकळे मिळाले. एकीची आई माझ्या गळ्यात पडली, मी म्हटलं माझ्या नको पडू, पत्ता देते. तिची चिठ्ठी आली तर उत्तर दे.

पण पत्र त्याचं नाही. हात पुसून तशीच बसले आहे, कागदाला बांगड्याचा वास येईल. असू दे.

आधी सायकलीचं समजून घे. पायडलं पुढच्या चाकालाच असतात हे तुला मी काय सांगणार, पण मला हे महिनाभर बघून कळलं. डावं पायडल वर असताना थांबली तर काही नाही, जयू डाव्याने दाबते आणि निघते. डावं खाली राहिलं की संपलं. तिथून सुटायला उजव्यानेच दाबायला हवं. मग ती ओरडते, "आजी, धक्का!" दिवसातून वीस वेळा. मी शिव्या घालत उठते, धक्का देते, परत चुलीशी.

आज अकरा वाजता मी मोरीवर बांगडे साफ करत होते. ती बाहेर पडवीत. ओरडली, "आजी, धक्का!" मी म्हटलं, थांब मेले, हात बरबटलेत. परत ओरडली. मग एकदम गप्प. तशीच उठून बाहेर आले. सायकल तुळशीच्या डब्याशी होती, ती खांबाशी पोचलेली. म्हटलं, कुणी ढकललं? पडवीत चिटपाखरू नाही. पोरं शाळेत, बायका नळावर.

मी काय केलं ते ऐक. निर्दय म्हण हवं तर. सायकल उचलून परत तुळशीच्या डब्याशी ठेवली. उजवं पायडल वर घेतलं. मुद्दाम. आणि मागे न राहता समोर जाऊन उकिडवी बसले.

"आजी, धक्का."

"नाही देत. माझे हात माशाचे आहेत."

"धक्का दे ना गं!"

"नाही."

रडली. मला थेरडी म्हणाली, हा शब्द ह्यांनी शिकवलाय. लाथ मारायला डावा पाय झाडला, मी लांब होते, तो परत पायडलावर आला. मग तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं, ओठ आत घेतले, तोंड टोमॅटोसारखं लाल झालं. मी तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. मी मांडीकडे बघत होते. फ्रॉक वर गेलेला. उजव्या मांडीवर, गुडघ्याच्या वर, जिथे दीड वर्ष नुसती मऊ कातडी होती, तिथे आत काहीतरी उठलं. आत उंदीर सरकावा तसं. थरथरलं, गेलं. परत उठलं. आणि सायकल माझ्या अंगावर आली. वनमाला, एक हातभर आली. फार नाही. पण डावा पाय खाली होता, मी बघत होते, डावा खालीच होता.

मी तिथेच फरशीवर बसले. तिला वाटलं मी पडले, तर हसायला लागली.

अनुपमा साडेसहाला येईल. चंदू आठला. हे गेटवर आहेत, ऑफिसात फोन आहे, पण वाण्याकडे जाऊन फोन लावावासा वाटला नाही. सुनंदाबाईंना सोमवारी दाखवीन. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुला पहिलं. हे पत्र दुपारच्या टपालात पडलं पाहिजे म्हणून घाई करते.

संध्याकाळी अनुपमा चपला काढेपर्यंत मी गप्प राहणार आहे. मग सायकल तिच्यासमोर ठेवीन, उजवं पायडल वर करून, आणि बाजूला होईन. सांगणार काही नाही. बघू दे तिला.

आता उठते. जयू ओरडते आहे. पुढे जाते पण वळवता येत नाही अजून, दाराच्या चौकटीत अडकून बसली आहे आणि मागून बांगड्यांवर मांजर आलं आहे.

तुझी
शेवंती